रोध लहान, ताप मोठा

दमणगंगेच्या काठी वसलेले सिल्व्हासा १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, तेव्हा त्याच्या भोवती मुख्यतः अरण्य होते आणि त्यात वारली, कोकणा, धोडिया या जमातींचे पाडे होते. आज तेथे कारखान्यांची दाटी झाली आहे. स्टरलाइट कॉपर या कंपनीचा, तांबे शुद्ध करून त्याच्या सळ्या तयार करण्याचा कारखाना त्यांपैकीच एक होय. अशा सळ्यांपासून पुढे विजेच्या तारा ओढल्या जातात. तांबे वीज वाहून नेते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते शुद्ध करावयास वीजच लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या विजेचा हिशेब ज्या नियमाने होतो, तोच नियम घरातील इस्त्रीलाही लागू पडतो.

हा नियम जर्मनीतील गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. विजेला पुढे ढकलणारा जोर म्हणजे दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून दर सेकंदाला वाहणाऱ्या विजेचे प्रमाण म्हणजे प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, त्याचे माप ओहम. आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, तिचे माप वॅट. २३० व्होल्ट दाबावर एखादी इस्त्री ४ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिचा रोध ५७.५ ओहम आणि शक्ती ९२० वॅट. ती तासभर अखंड तापत राहिली, तर ०.९२ युनिट वीज खर्च होईल.

हा हिशेब करताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे की, रोध तापमानाप्रमाणे बदलतो. १०० वॅटच्या जुन्या धाटणीच्या दिव्याची तार पेटलेली असताना तिचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. तीच तार थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. दुसरे असे की, पंप किंवा पंखा यांच्या मोटरीत दाब आणि प्रवाह यांची लय जुळत नाही. म्हणून तेथे गुणाकाराला आणखी शक्तिगुणकाने गुणावे लागते. इस्त्री, शेगडी, गीझर अशा केवळ तापणाऱ्या साधनांना साधा गुणाकार पुरतो.

दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. हे शक्तीच्या सूत्रात घातले, की शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, असे रूप मिळते. विजेच्या उष्णतेचे हे प्रमाण इंग्लंडमधील जूल याने १८४१ साली प्रयोगाने दाखवून दिले. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे या वर्गाचे मर्म आहे.

तांब्याच्या शुद्धीकरणात या वर्गाचा प्रताप दिसतो. गंधकाम्ल व मोरचूद यांच्या द्रावणात अशुद्ध तांब्याचे जाड पत्रे टांगतात. विजेच्या योगाने त्यांतील तांबे विरघळून समोरच्या पत्र्यावर शुद्ध रूपात बसते. एका कुंडाला सुमारे ०.३ व्होल्ट इतका क्षुद्र दाब पुरतो. प्रवाह मात्र हजारो अँपिअर असतो. तो ३०,००० अँपिअर धरला, तर एका कुंडाची शक्ती ९,००० वॅट होते आणि त्यात दिवसाकाठी साडेआठशे किलोच्या आसपास तांबे जमू शकते. आता जाड तांबपट्टीच्या एखाद्या सांध्यावर मळ बसून ओहमचा केवळ दहा लाखावा भाग इतका रोध वाढला, असे समजावे. ३०,००० चा वर्ग गुणिले तो रोध, म्हणजे ९०० वॅट! ज्या शक्तीसाठी इस्त्रीला ५७.५ ओहम लागले, जवळजवळ तितकीच शक्ती येथे नगण्य वाटणाऱ्या रोधातून प्रकट होते. म्हणून रोध लहान की मोठा, हे त्यातून जाणारा प्रवाह पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

हाच न्याय घराला लावून पाहावा. २,००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या प्लगमधील स्क्रू सैल होऊन तेथे अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला, तर प्रवाह वाढत नाही. उलट तो किंचित घटून साडेआठवर येतो. परंतु त्या सैल जागी साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होत राहते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर साधारण २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथिलाचा डाख वितळवितो. त्याहून अधिक उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडली, तर प्लास्टिक मऊ होऊन जळू लागावे, यात नवल ते काय?

फ्यूज असताना हे कसे घडते, असा प्रश्न सहज उद्भवतो. फ्यूज असो वा एम.सी.बी., तो आपल्यातून जाणाऱ्या प्रवाहाचीच दखल घेतो. आणि येथे प्रवाह मर्यादेच्या आतच आहे. चुकीच्या जागी किती दाब खर्ची पडतो, हे त्याला दिसत नाही. रखवालदार जागा असतो, पण चोरी त्याच्या डोळ्यांआड होते.

मात्र गृहस्थाच्या हाताला, डोळ्याला आणि नाकाला ती कळू शकते. प्लग गरम लागणे, त्याची पितळी पिन काळवंडणे, सॉकेटभोवती तपकिरी डाग पडणे किंवा जळका वास येणे, ही वाढलेल्या रोधाची चिन्हे होत. ती दिसताच मुख्य खटका बंद करावा आणि जाणत्या वायरमनकडून सांधा घट्ट करून घ्यावा किंवा सॉकेट बदलून घ्यावे. एका भागाकाराने आणि एका गुणाकाराने मिळणारे हे ज्ञान जितके स्वस्त आहे, तितकेच त्याकडे केलेले दुर्लक्ष महाग पडते.