घेर एक रात्र टांगून ठेवा



आज बोलूया घेरदार स्कर्टबद्दल. घरी हौसेनं शिवतो, कमरेत छान बसतो, पण घातला की खालचा घेर कुठे वर, कुठे खाली! पुष्कळजणींचं असं झालं असेल. आमच्या गटाचं तर एकदम बारा स्कर्टांचं झालं.

एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची ऑर्डर होती. सुती कापड, निळ्यावर पांढरी बुट्टी. गटाची समन्वयक म्हणून ऑर्डर मीच घेतली आणि चार दिवसांत देते म्हणून सांगून आले. मग काय, दिवसा कापायचं, रात्री दुमडून टीप मारायची. दिले वेळेवर. शाळेत ते दोन दिवस टांगलेले होते. रंगीत तालमीला मुलींनी घातले, तर प्रत्येकीचा घेर चार ठिकाणी खाली लोंबलेला. बाराही परत आले.

गटाच्या बैठकीत बोट गेलं ते घेर दुमडणाऱ्या काकूंकडे. त्यांची शिलाई कापा, असंही कुणी म्हणालं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक स्कर्ट घेतला, घेर उसवला आणि लोंबलेली जागा दोन्ही हातांनी ओढून दाखवली. रबरासारखी ताणली गेली. म्हणाल्या, "हे उरेब आहे. मी टांगायला एक रात्र मागितली होती."

खरंच मागितली होती. मीच नाही म्हटलं होतं.

मैत्रिणींनो, गोल कापला की कापडाचे उभे-आडवे धागे काही ठिकाणी तिरपे येतात. पूर्ण घेरात अशा चार जागा. तिथे कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. आधी दुमडलं तर ते नंतर उतरणारच. लेस लावून झाकता येत नाही, लेसही सोबत झुकते.

आता कृती सांगते, लिहून घ्या. सुती कापड आधी भिजवून वाळवा, म्हणजे नंतर आटत नाही. कंबर 28 इंच असेल तर शिवणीचे 2 धरून 30. त्याला सव्वासहानं भागा, साधारण पावणेपाच इंच येतात. खडूला दोरी बांधून एवढ्या मापाचा आतला अर्धगोल काढा. त्यात उंची 24 इंच आणि वर दीड इंच जास्तीचे मिळवून बाहेरचा अर्धगोल काढा. असे दोन तुकडे. 36 इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड पुरतं. छाप सगळीकडे विखुरलेला घ्या. मोर किंवा हत्ती एकाच दिशेनं उभे असतील, तर गोल घेरात काही आडवे झोपतात.

बाजू जोडा, चेन आणि पट्टी लावा. मग पट्टीला चिमटे लावून स्कर्ट एक रात्र टांगा. दुसऱ्या दिवशी जिचा आहे तिला घालायला द्या आणि सरळ समोर बघायला सांगा. वाकून खाली पाहिलं की माप चुकतं. ती जागेवर उभी राहील, आपण काठी घेऊन तिच्याभोवती फिरायचं. जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूनं खुणा करायच्या. कमरेपासून मोजू नका, पोट किंवा नितंब पुढेमागे असले की फरक पडतो. खुणेखाली अर्धा इंच ठेवून जास्तीचं कापा. दुमड बारीकच घाला, रुंद घातली की गोलावर चुण्या पडतात.

ते बारा स्कर्ट आम्ही उसवले, सारखे कापले आणि पुन्हा दुमडले. दीड इंच आखूड झाले, पण शाळेनं घेतले. काकूंची शिलाई पूर्ण दिली, दुसऱ्यांदा दुमडल्याचीही. ती माझ्या मानधनातून गेली, कारण चूक माझी होती.

आता ऑर्डर घेताना मी तारीख सांगण्याआधी शिवणाऱ्या बायकांना विचारते. तुम्हीही विचारा. आणि शिवणाऱ्या बायांनो, टांगायची रात्र ठामपणे मागा.