प्रौढ मेंदूतील नव्या चेतापेशी : बंगळुरूचा एक प्रयोग

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्माला येत नाही, हे मत विसाव्या शतकात दीर्घकाळ सिद्धान्त म्हणूनच शिकवले जात असे. १९६५ मध्ये अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन व भारतीय वंशाचे गोपाळ दास यांनी त्याला छेद दिला. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात उंदरांमध्ये जन्मानंतरही चेतापेशी निर्माण होतात, असा पुरावा त्यांनी मांडला. त्याची उपेक्षाच झाली. मानवी मेंदूतील असा पहिला पुरावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

नैराश्याच्या अनेक रुग्णांत हिप्पोकॅम्पसचा आकार घटलेला आढळतो. त्यामुळे दीर्घ ताणाने झालेली हानी भरून निघते काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, रुग्णालय आणि संशोधन एकाच आवारात चालते. तेथील बी. एस. शंकरनारायण राव, टी. आर. राजू व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रौढ उंदरांना रोज ६ तास, सलग २१ दिवस हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवण्यात आले. हिप्पोकॅम्पसमधील नव्या पेशींची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. अनेक फाट्यांच्या भूलभुलैयात खाद्य शोधणेही त्यांना जमेना. नंतर त्यांना रोज ६ तास याप्रमाणे १० दिवस समृद्ध परिसरात ठेवले. पेशीनिर्मिती पूर्ववत झाली, भूलभुलैयातील चुकाही कमी झाल्या. औषध नव्हते, बदलला तो परिसर.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. मोजल्या गेल्या त्या नव्याने विभाजन पावलेल्या पेशी. त्यांतील प्रत्येक पेशी चेतापेशी होतेच असे नाही. पेशी वाढल्या आणि स्मृती सुधारली, यावरून पहिलीमुळे दुसरी घडली हेही सिद्ध होत नाही.

शिवाय माणसाच्या बाबतीत वाद मिटलेला नव्हता. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी आढळल्याच नाहीत. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटाला त्या हजारोंनी दिसल्या. मृत्यूनंतर ऊतक किती लवकर व कसे जतन केले, यावर निष्कर्ष बदलतो, असे माद्रिदच्या गटाचे म्हणणे होते. २०२५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने पेशीकेंद्रकांतील जनुकांची सक्रियता तपासून प्रौढांमध्येही विभाजनशील पूर्वपेशी असल्याचे दाखवले. मात्र काही प्रौढांत त्या बऱ्याच होत्या, तर काहींत जवळजवळ नव्हत्याच.