'डू' आणि 'मेक'



इंग्रजीतील 'डू' आणि 'मेक' या दोहोंना आपण 'करणे' म्हणतो. 'डू'मध्ये कृती असते. 'मेक'मध्ये निर्मिती आणि दुसऱ्यास करावयास लावणेही. हा शेवटचा अर्थ मराठी 'करविणे' या क्रियापदाने सांगते. श्रवणबेळगोळ येथे सुमारे ५७ फुटी गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' असे कोरलेले आहे. तेथील कन्नड 'माडिसिदं'चाही अर्थ तोच. चावुंडरायाने मूर्ती केली नाही, करविली. छिन्नी चालविणाऱ्यांची नावे त्या ओळीत नाहीत. परंतु क्रियापदाने त्यांची जागा राखली आहे.

अभ्यास आपण शिक्षक करवितो. करतात ती मुले. या हीरक महोत्सवी वर्षात करविणाऱ्यांचा गौरव होईलच. करणाऱ्यांची जागाही आपण राखू या.