आपल्या मुलामुलींनी गणिताचे शिक्षक व्हावे
(पारशिवनी येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलांनी केलेले भाषण)



मी व्यवसायाने वकील आहे. वकिलाला सभेत बोलाविले म्हणजे तो हक्कांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आजही मी एका हक्काविषयीच बोलणार आहे; परंतु तो हक्क न्यायालयाच्या पायरीवर नव्हे, तर पहिलीच्या वर्गातील फळ्यापाशी सुरू होतो. आपल्या तालुक्यातील ज्या मुलामुलींनी बारावीपर्यंत मजल मारली आहे, त्यांपैकी काहींनी प्राथमिक शाळेत गणित शिकविण्याचा निर्धार करावा, एवढीच माझी विनंती आहे.

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे फराळाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोहोचण्यापूर्वीच ती मुले धावली आणि त्यांनी आपले डबे दूर सारले. हे डबे आज कोणी उघडपणे हलवीत नाही. परंतु 'गणित तुमच्या मुलांना जमायचे नाही' हे वाक्य अजून पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, आणि तेही मुलाला फळ्यापासून दूरच ठेवते.

हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. मी चौथीत असताना माझी वजाबाकी चुके आणि त्याबद्दल छडी मिळे; चूक कोठे झाली हे मात्र कधी कळत नसे. शाळेचे अथवा शिक्षकांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मी वकील झालो याचे एक कारण असे की, ज्या मार्गावर गणित भेटेल तो प्रत्येक मार्ग मी टाळीत गेलो. आज व्याजाचा दावा हाती आला म्हणजे हिशेब मी दुसऱ्याकडून तपासून घेतो. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि म्हणूनच ती आपल्यापुढे सांगतो.

गणिताचे अज्ञान म्हणजे केवळ परीक्षेतील अपयश नव्हे. सावकार म्हणतो, 'दरमहा शेकडा तीन.' कानाला हा आकडा लहान वाटतो. दहा हजार रुपये घेतले तर महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे आणि तीन वर्षांत १०,८०० रुपये नुसते व्याजच होते, आणि मुद्दल आहे तेवढेच उभे राहते. कागदावर सही करण्यापूर्वी हे चार ओळींचे गणित ज्याला करता आले, त्याला पुढे वकिलाकडे यावे लागत नाही. मजुरीचे मोजमाप, धानाचे वजन, कापसाचा भाव, सर्वत्र हीच गोष्ट आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी होती, आणि अभ्यासक्रमात वाचन-लेखनाबरोबर हिशेबालाही स्थान दिलेले होते. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावे, त्यांना शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण द्यावे व पुरेसे वेतन द्यावे, असाही त्यांचा आग्रह होता. शाळेत कोण बसतो या प्रश्नाइतकाच शाळेत कोण शिकवितो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे जोतिरावांनी तेव्हाच ओळखले होते. बाबासाहेबांच्या १९२३ सालच्या रुपयाविषयीच्या ग्रंथाकडे पाहा. ज्या फळ्याभोवती डब्यांची धावपळ झाली, तेथूनच निघालेला विद्यार्थी एका साम्राज्याच्या चलनाचा हिशेब तपासू लागला.

आता, प्राथमिक शाळेत गणित शिकविणे हे सोपे काम आहे, असा एक गैरसमज आहे. बेरीज-वजाबाकी कोणालाही येते, त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यास कशाला, असे पालक विचारतात. एक उदाहरण देतो. मुलाला ४२ मधून १७ वजा करावयास सांगितले आणि त्याने ३५ उत्तर लिहिले. अप्रशिक्षित शिक्षक त्यावर फुली मारतो. प्रशिक्षित शिक्षक विचारतो, 'बाळा, कसे काढलेस?' मुलगा सांगतो, 'सातातून दोन गेले, पाच राहिले. चारातून एक गेला, तीन राहिले.' म्हणजे मूल मंद नाही. मोठ्यातून लहान वजा करावयाचे हा नियम त्याने इमानाने पाळला आहे. त्याला दशक सोडविणे ठाऊक नाही, एवढेच. तुराट्यांच्या दहा-दहा तुकड्यांच्या जुड्या बांधून त्याच्यापुढे चार जुड्या आणि दोन सुटे तुकडे ठेवा व सतरा मागा. तो आपण होऊन एक जुडी सोडील आणि पंचवीस उरले म्हणून सांगेल. चुकीमागील विचार शोधणे ही विद्या आहे, आणि ती शिकावी लागते. चौथीत मला कोणी जुडी सोडून दाखविली असती, तर आजचे हे भाषण कदाचित निराळे झाले असते.

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे. आपण 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी येतो. त्यामुळे मूल ५३ च्या जागी ३५ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी, मुलांची अडचण दूर व्हावी हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले होते. आपले मत काहीही असो, पण दुसरीतील एका संख्येच्या उच्चाराचा एवढा विचार करावा लागतो, यावरून या कामाची खोली कळावी. पेंचच्या जंगलाकडील गावांत ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते, त्याला तर 'एकोणसाठ' हा शब्द दुहेरी कोडे होऊन बसतो.

आता मार्ग सांगतो. पहिली ते पाचवीसाठी गणिताचा स्वतंत्र शिक्षक नसतो. वर्गशिक्षकच बहुधा सर्व विषय शिकवितो. त्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणशास्त्र पदविका, म्हणजे डी. एल. एड., घ्यावी लागते. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर द्यावा लागतो. तो १५० गुणांचा असून त्यात गणिताला ३० गुण आहेत. सर्वसाधारण उमेदवारास ६० टक्के व राखीव प्रवर्गास ५५ टक्के गुण आवश्यक असतात. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवावयाचे असेल तर पदवी, शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी आणि दुसरा पेपर हवा. पुढे निवडीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे.

येथे कायद्याचे दोन निकाल ध्यानात ठेवा. बी. एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ठरविले. तेव्हा लहान वर्गांना शिकवावयाचे असेल तर उगाच बी. एड.च्या मागे धावू नये. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले. परीक्षा टाळून या पेशात राहता येईल, ही आशा कोणी बाळगू नये.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना एक भीती असते की, अर्जात 'बौद्ध' लिहिले तर मुलाची सवलत जाईल. ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा दर्जा कायम राखला आहे. धर्म लपवू नका. मात्र जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांची तयारी प्रवेशाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर अकरावीतच सुरू करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वडिलोपार्जित वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जे हाती लागेल ते जपून ठेवा.

मी खोटी आशा दाखविणार नाही. पदविका म्हणजे नोकरी नव्हे. या राज्यात शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडलेली आपण पाहिली आहे. नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकसाठी ते सहा हजार होते, २०२३ पासून सोळा हजार झाले. 'पैसे द्या, काम करून देतो' असे म्हणणारा मध्यस्थ दारी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०१९ च्या पात्रता परीक्षेतील गैरप्रकारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी शेत विकून पैसे भरले असतील, त्यांचे शेतही गेले आणि नावही गेले.

तरीही मी हा मार्ग सुचवितो, कारण पदविकेचे ज्ञान नोकरीची वाट पाहत बसत नाही. आपल्या विहारात सायंकाळी दहा मुले बसवून त्यांना दशक-एकक शिकवावयास कोणाच्या नेमणूकपत्राची गरज नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, कोणी सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. गणिताचा तास नेमके हेच शिकवितो. उत्तर गुरुजी म्हणतात म्हणून बरोबर नसते, ताळा जुळतो म्हणून बरोबर असते. ही सवय ज्या मुलाला सहाव्या वर्षी लागली, त्याला पुढे अंगारेधुपारे आणि सावकाराची वही, दोहोंपैकी कोणीही फसवू शकणार नाही.

मातापित्यांनो, विशेषतः मुलींच्या बाबतीत सांगतो. लग्नासाठी जमविलेल्या पैशांतून दोन वर्षांचे शिक्षण आधी काढा. सावित्रीबाईंनी स्वतः अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि मगच त्या वर्गावर उभ्या राहिल्या. आपली मुलगी उद्या पारशिवनीच्या एखाद्या शाळेत हातात खडू घेऊन उभी राहील आणि शेवटच्या रांगेतील मुलाला म्हणेल, 'ये बाळ, फळ्यापाशी ये.' त्या दिवशी कोणीही आपला डबा हलविणार नाही, आणि आला तो मुलगा मोठ्या आवाजात आपले उत्तर सांगेल. तेवढ्यासाठी दोन वर्षे अभ्यास करणे महाग नाही.

जयभीम.