भिगवणच्या पाण्यावर

(वार्षिक संमेलनांत केलेलें भाषण)



छायाचित्रणाच्या छंदावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. गेलीं वीस वर्षें हिंवाळा आला कीं मी पहाटे भिगवण गांठतों, एवढाच माझा अधिकार.

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि पुणें-सोलापूर रस्त्यालगत हा विस्तीर्ण जलाशय पसरला. कुंभारगांवचे नावाडी होडींतून रोहित पक्ष्यांजवळ नेतात. चोंच उलटी बुडवून हा पक्षी चिखलपाणी गाळून खातो; त्या आहारांतील रंगद्रव्यानेंच त्यास गुलाबी वर्ण चढतो. लहानपणीं तो करडा असतो व रंग यावयास दोन-तीन वर्षें लागतात. मुलांच्या गुणपत्रिका पाहतांना मला तीं करडीं पिलें आठवतात. (आमच्या वधूवरसूचीच्या संपादकांनींहि तीं आठवावींत.)

परंतु माझें मन गुंतलें आहे तें पळसदेवीं. जुनें गांव पाण्याखालीं गेलें. पाणी उतरलें कीं पळसनाथाचें शिखर दिसूं लागतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत तर पायीं देवळापर्यंत जातां आलें. कोंवळ्या उन्हांत मीं मनाजोगें चित्र घेतलें. भेगाळलेला गाळ व पडक्या भिंतींचे दगड शोभा घालवीत होते, ते युक्तीनें वगळले. काळाच्या उदरांतून श्रद्धा वर येते, असें रूपकहि सुचलें. येथें तेंच सांगावयाचें योजिलें होतें.

तें चित्र मातोश्रींस दाखविलें. त्या चौऱ्याऐंशीं वर्षांच्या. त्यांचें माहेर त्याच गांवचें. त्यांनीं चष्मा पुसला, देवळाकडे क्षणभर पाहिलें आणि चित्राच्या डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "देऊळ राहिलंय, तें ठाऊक आहे मला. आमची ओसरी इथून पुढें होती. ती कां कापलीस रे?"

मजजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं त्यांस घेऊन गेलों. गाळांत त्यांना उतरवेना. काठावर छत्री धरून त्या बसल्या आणि हात करून सांगत राहिल्या: ही चावडी, तो सुताराचा वाडा, तिकडे आड. मी दगडांचीं छायाचित्रें घेत राहिलों. एकतीस झालीं, त्यांत देखणें एकहि नाहीं. प्रत्येकाच्या पाठीमागें त्यांनीं सांगितलेलें नांव लिहिलें आहे. तीन जागा मात्र त्यांना ओळखूं आल्या नाहींत.

तीं चित्रें बाहेर ओसरीवर मांडलीं आहेत. ज्यांचें घर वा आजोळ त्या पाण्याखालीं गेलें असेल, त्यांनीं तीं तीन अवश्य पाहावींत. शेजारीं पेन्सिल ठेविली आहे.