अजिंठ्याची भिंत आणि इटलीची वही

 

मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात 'प्रबोधनयुग' नावाचा एक धडा असतो. मुलं पाठ करतात: इटली देश, फ्लॉरेन्स शहर, लिओनार्दो, मायकेलअँजेलो. आपल्याला वाटतं, भुसावळ-यावल-रावेरच्या बायकांना त्याचं काय? पण त्या धड्याची एक वाट आपल्या अजिंठ्याला येते, आणि एक बाई त्या वाटेने आली होती. आज तिची गोष्ट.

आधी प्रबोधनयुग म्हणजे काय ते थोडक्यात. साधारण सहाशे वर्षांपूर्वी इटलीतले चित्रकार माणसाकडे निरखून पाहू लागले. आई लेकराला कडेवर कशी घेते, म्हाताऱ्याच्या मानेची शीर कशी दिसते, दुःखात बाईचे खांदे कसे पडतात, ते चित्रात येऊ लागलं. देवादिकांची चित्रं होतीच, पण त्यांचे चेहरे घरातल्या माणसांसारखे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे ज्ञान लोकांच्या बोलीत येऊ लागलं. तिकडे विद्वानांची भाषा लॅटिन होती, जशी आपल्याकडे संस्कृत. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तसं तिकडेही लोक आपल्या बोलीत लिहू लागले.

या काळाच्या उंबरठ्यावर, इ.स. १४०० च्या सुमारास, चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने एक वही लिहिली. फार मोठा चित्रकार नव्हता तो. पण बारा वर्षं गुरूकडे राहून जे शिकला, ते सगळं त्याने साध्या बोलीत उतरवलं. ब्रश कसा बांधायचा, भिंतीला गिलावा कसा द्यायचा, रंग कशात कालवायचा. तेव्हा रंगाची पूड अंड्याच्या बलकात कालवत. तो लिहितो की तरुण चेहरा रंगवायचा तर शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिका असतो. म्हाताऱ्या किंवा सावळ्या माणसासाठी खेड्यातल्या कोंबडीचं घ्या, तो जास्त लाल असतो. गावरान अंड्याचा बलक कसा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

निळ्या रंगाची कृती तर अगदी आपल्या स्वयंपाकघरातली वाटेल. अफगाणिस्तानातून येणारा निळा दगड, लाजवर्द, कुटून त्याची बारीक पूड करायची. मेण आणि राळ घालून तिचा गोळा करायचा, आणि तो राखेच्या पाण्यात कणकेसारखा मळायचा. हळूहळू पाण्यात निळा रंग उतरतो. चेन्नीनी म्हणतो, हे काम पुरुषांपेक्षा पोरींना चांगलं जमतं. त्या घरी असतात, आणि त्यांचे हात नाजूक असतात. म्हाताऱ्या बायांपासून मात्र जपून राहा, असंही त्याने लिहून ठेवलंय! हसा हवं तर. पण त्या काळच्या चित्रांतल्या मरियमेचा जो निळा शालू जग बघायला जातं, त्यात अशा मळणाऱ्या हातांचीही मेहनत आहे.

आता अजिंठ्याकडे येऊ. रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गिलने १८४४ पासून कित्येक वर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल १८७९ साली वारला आणि त्याला आपल्या भुसावळलाच पुरलं. त्या आगीनंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्ये जळाल्या. याच ग्रिफिथ्सने सोळाव्या लेण्यातलं एक चित्र फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रांशेजारी ठेवून तोललं. नवरा भिक्षू झाल्याचं कळून कोसळलेल्या सुंदरीचं ते चित्र. त्याचं म्हणणं असं की रेघ किंवा रंग तिकडचे सरस असतील, पण दुःख दाखवण्यात ते या चित्राच्या पुढे जाऊ शकले नसते. आणि अजिंठ्याचं हे काम फ्लॉरेन्सच्या आधीचं, जवळजवळ हजार वर्षांचं.

मग आली ती बाई. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम, एका इंग्रज डॉक्टरांची बायको. चेन्नीनीची वही तिने इंग्रजीत आणली, १८९९ साली. नुसती आणली नाही, तर त्यातली कृती हाताने करून पाहिली, अंड्यात रंग कालवून जुन्या इटालियन चित्रांच्या नकला केल्या. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लंडनमध्ये मोर्चे निघत, त्यांची निशाणं तिने भरतकाम करून दिली. ही बाई १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे फर्दापूरला मुक्काम ठोकून अजिंठ्याच्या नकला करत होती. मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. कलकत्त्याचे दोन्ही रेल्वेमार्ग भुसावळलाच येऊन मिळतात, तेव्हा आपलं स्टेशन त्यांना चुकलं नसणार. याच नंदलालांनी पुढे १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबू आणि खेड्यातल्या साध्या वस्तूंनी केली. आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवणारेही तेच.

हेरिंगहॅम बाईंच्या नकला १९१५ साली पुस्तकात छापल्या गेल्या. त्याआधीच त्यांचं मन आजारी पडलं, आणि १९२९ साली त्या वारल्या, तोवर त्यांचे दिवस आजारपणातच गेले. काम मात्र टिकलं.

आता मुद्द्याचं ऐका. इटलीची भिंत आणि अजिंठ्याची भिंत वेगळी आहे. इटलीत ओल्या चुन्यावर रंग देत. आज जेवढा गिलावा ओला, तेवढंच आजचं चित्र. अजिंठ्यात खडकावर माती लिंपली आहे, तिच्यात भाताचा कोंडा आणि झाडापाल्याचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तुम्ही सारवणाला माती कालवता ना, त्याच घराण्यातलं हे काम. तिथल्या नंतरच्या लेण्यांतला निळा रंगही त्याच लाजवर्दाचा आहे.

पण या भिंती करणाऱ्यांची वही आपल्यापर्यंत आलेली नाही. माती किती, कोंडा किती, डिंक कुठला, हे सांगणारं कुणी उरलं नाही. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चित्रं वाचवायला इटलीहून कारागीर बोलावले. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवले, पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली. मग ते काढण्याचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. इटलीच्या चित्रकाराची कृती पाचशे वर्षांनी एका बाईला वाचून करता आली. आपल्या चित्रकारांची कृती मात्र त्यांच्याबरोबर गेली.

आपल्या खानदेशात असं जाता जाता वाचलेलं एक धन आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचत. घरच्यांनी त्या कागदावर उतरवल्या, त्यांच्या पाठीमागे १९५२ साली पुस्तक निघालं, म्हणून आज ती गाणी आपल्या तोंडी आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही अशी माणसं आहेत. धाब्यावर कुठली माती टाकली म्हणजे पावसात गळत नाही, कळण्याच्या भाकरीला ज्वारी-उडदाचं प्रमाण काय, बिबड्यांचं पीठ किती दिवस भिजवायचं, गोधडीचा टाका कुठून सुरू करायचा, बाळंतिणीला कुठला पाला द्यायचा नाही. हे सगळं सत्तरीच्या आजींच्या हातात आहे, आणि कागदावर कुठेच नाही.

तर एक काम करा. गटाच्या बैठकीत हिशेबाची वही उघडतेच. तिच्याशेजारी एक वेगळी वही ठेवा. दर महिन्याला एका आजीला बोलवा, तिची एक कृती तिच्याच बोलीत लिहून घ्या. मापं नीट लिहा. ती 'मूठभर' म्हणाली तर तिची मूठ वाटीने मोजा. चित्र काढता येत असेल तर काढा. शाळेतल्या पोरींना लिहायला बसवा, त्यांचाही हात त्या कामाला लागेल.

आणि पानाच्या वर त्या आजीचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. चेन्नीनीने आपल्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं, गुरूचंही लिहिलं. तो निळा रंग मळणाऱ्या पोरींपैकी एकीचंही नाव त्यात नाही. आपल्या वहीत ते राहून जाऊ देऊ नका.