मुलींची स्वतःची खोली : गर्टन कॉलेजची हकीकत
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका वसतिगृहवाल्या कॉलेजची गोष्ट मांडणार आहोत. कॉलेज दूरचे, इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाचे. पण त्यातला प्रश्न आपल्या घरातला आहे. मुलीला शिकायला बाहेरगावी ठेवायची की नाही, हा तो प्रश्न.

एमिली डेव्हिस नावाच्या बाई होत्या. वडील धर्मगुरू. भाऊ केंब्रिजला शिकले, ह्यांना मात्र ते दार बंद. बाईंनी ठरवले की दार उघडत नसेल तर आपणच घर बांधायचे. १८६९ साली बार्बरा बोडिशॉन यांच्या साथीने त्यांनी हिचिन गावी भाड्याच्या घरात कॉलेज सुरू केले. विद्यार्थिनी किती? फक्त पाच! शिकवायला प्राध्यापक केंब्रिजहून आगगाडीने यायचे. पुढे १८७३ साली केंब्रिजजवळच्या गर्टन गावी स्वतःची इमारत झाली. गावावरून कॉलेजलाही गर्टन हेच नाव पडले.

त्या इमारतीत प्रत्येक मुलीला दोन खोल्या होत्या, एक निजायची आणि एक अभ्यासाची. बंधू-भगिनींनो, ही चैन नव्हती. घरात मुलीला कोणीही केव्हाही हाक मारते, आणि पुस्तक मिटावे लागते. अभ्यासाला दार लावता आले पाहिजे, हे बाईंनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. काही भले लोक म्हणत होते, मुलींसाठी वेगळी परीक्षा ठेवू, म्हणजे त्यांना जड जाणार नाही. एमिलीबाईंनी साफ नकार दिला. जी परीक्षा मुलांना, तीच आमच्या मुलींना, ग्रीक-लॅटिनसुद्धा तेच. वेगळी परीक्षा दिली की लोक ती हलकीच समजणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१८७३ साली तिघी मुलींनी ट्रायपॉस ही पदवीची परीक्षा अनधिकृतपणे दिली आणि उत्तीर्ण झाल्या. १८८० साली शार्लट स्कॉट ही मुलगी गणितात आठव्या क्रमांकाच्या बरोबरीची ठरली. निकाल वाचताना तिचे नाव घेणार नव्हते. पण सभागृहातल्या विद्यार्थ्यांनीच ‘स्कॉट ऑफ गर्टन’ असा पुकारा केला! दुसऱ्याच वर्षी, १८८१ला, मुलींना परीक्षेला बसण्याचा रीतसर हक्क मिळाला. १८८७ साली अग्नाटा रॅम्सी अभिजात भाषांच्या परीक्षेत पहिल्या वर्गाच्या पहिल्या विभागात एकटीच आली.

एवढे करूनही पदवी नाही! १८९७ साली मतदान झाले. विरोधात सतराशेहून अधिक मते पडली, आणि बाजूने साडेसहाशेच्या आसपास. विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगून थट्टा केली. त्याच दशकात आपल्या देशातून सरोजिनी नायडू गर्टनमध्ये शिकायला गेल्या होत्या. १९२१ साली पुन्हा बरोबरीचे स्थान नाकारले आणि नुसती नावापुरती पदवी देऊ केली. त्याच वर्षी एमिलीबाई वारल्या. बाबासाहेब त्याच १९२१ साली ज्या लंडन विद्यापीठातून एम.एस्सी. झाले, त्या विद्यापीठाने मात्र १८७८ सालीच स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या.

अखेर १९४८ साली केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली. पाच मुलींपासून हिशेब धरला तर एकोणऐंशी वर्षे लागली. पुढे १९७९ साली गर्टननेच मुलग्यांनाही पदवीच्या वर्गात प्रवेश दिला. ज्यांना एकेकाळी दाराबाहेर ठेवले, त्यांनी स्वतःचे दार मात्र सर्वांना उघडले.

आपल्या वस्तीत एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. बारावी झालेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळते, तेव्हा घरात पहिला सवाल येतो, ‘लोक काय म्हणतील?’ त्या पाच मुलींच्या आईबापांनाही हा सवाल पडलाच असेल. तरी त्यांनी मुली पाठवल्या, म्हणून पुढच्या हजारो मुलींची वाट झाली.

म्हणून आमची विनंती एवढीच. मुलीचे पत्र आले तर वसतिगृहाची चौकशी जरूर करा, तिथे जाऊन पाहून या, पण पत्र फळीवर ठेवून देऊ नका. आणि जाणे शक्यच नसेल, तर संध्याकाळचे दोन तास घरातला टी.व्ही. बंद ठेवून एक कोपरा तिचा म्हणून सोडा. त्या दोन तासांत तिला चहा टाकायला हाक मारू नका, एवढे तरी आपल्या हातात आहे.

 नमो बुद्धाय! जयभीम!